अर्धा गुडघा की पूर्ण? रजिस्ट्रीचा रिपोर्ट एक सांगतो, डॉक्टर दुसरंच सांगतात

एकेक_पायरी

नमस्कार मंडळी, थोडं लांबणार आहे, आधीच माफी मागते.

आई ७१ ची. उजवा गुडघा चार-पाच वर्षं दुखतोय, इंजेक्शनं झाली, फिजिओ झाली, आता जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी आणि रात्री कूस बदलली की जाग. दोन सर्जनना दाखवलं. पहिले म्हणाले पूर्ण गुडघा बदला, एकदाच काय ते होऊन जाऊ दे, नंतर तीस वर्षं बघायला नको. दुसऱ्यांनी एक्सरे बराच वेळ बघितला, पाय बाहेरच्या बाजूला दाबून धरून आणखी एक एक्सरे काढायला लावला आणि म्हणाले की फक्त आतल्या बाजूची कूर्चा संपलीये, बाहेरची बाजू आणि लिगामेंट छान आहेत, अर्धाच बदलू.

मी रात्री नेटवर बसले आणि तिथेच घोळ झाला. काही देशांत म्हणे राष्ट्रीय रजिस्ट्री असते, देशात जेवढे सांधे बदलले जातात तेवढ्या सगळ्यांची नोंद, दरवर्षी जाडजूड रिपोर्ट. ब्रिटनचा उघडला, ऑस्ट्रेलियाचा उघडला, दोन्हीकडे तेच, अर्ध्या गुडघ्याच्या रिव्हिजनची (म्हणजे बसवलेला गुडघा परत उघडून बदलावा लागण्याची) रेष पूर्ण गुडघ्याच्या रेषेच्या बरीच वर. शिवाय लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधला २०१९ चा एक पेपर सापडला, त्यात २५ वर्षांनी पूर्ण गुडघे ८२ टक्के टिकलेले आणि अर्धे ७० टक्के. मी मनात ठरवून टाकलं, पूर्णच.

दुसऱ्या डॉक्टरांना फोन करून हे सांगितलं तर ते चिडले वगैरे नाहीत, एवढंच म्हणाले, "रिव्हिजन कधी होतं ते आधी बघा, मग बोलू." आणि पेशंट आला म्हणून फोन ठेवला.

आता मला कळत नाहीये. लाखो ऑपरेशनचा डेटा आहे, कोणा एका डॉक्टरच्या अनुभवापेक्षा तो भारीच असणार ना? आणि ८२ टक्के म्हणजे आईचा गुडघा टिकायचा चान्स ८२ टक्के, असंच धरायचं का? कोणी यातलं माहीतगार असेल तर प्लीज सांगा, दोन आठवड्यांत उत्तर द्यायचंय.

आकडेमोड

मी डॉक्टर नाही, हॉस्पिटल डेटावर काम करणारा साधा स्टॅटवाला आहे, त्यामुळे आईंच्या एक्सरेबद्दल काही बोलणार नाही. रजिस्ट्री काय मोजते तेवढं सांगतो.

सगळा डोलारा एका स्टिकरवर उभा असतो. गुडघ्याचा प्रत्येक तुकडा, मांडीच्या हाडावरचा धातू, नडगीवरची प्लेट, मधलं प्लास्टिक, प्रत्येकाच्या खोक्यात स्टिकर असतात, त्यावर कॅटलॉग नंबर आणि लॉट नंबर. ऑपरेशन संपता संपता थिएटरमध्ये कोणीतरी तो स्टिकर फॉर्मवर चिकटवतं किंवा बारकोड स्कॅन करतं. सोबत पेशंटची ओळख, कुठला पाय, कारण काय, हाडाला चिकटवायचं सिमेंट कुठलं, सर्जन कोण. मग वर्षानुवर्षं काहीच होत नाही. पण त्याच पेशंटचा तोच गुडघा देशात कुठेही, कुठल्याही डॉक्टरने परत उघडून त्यातला एखादा तुकडा बदलला, काढला किंवा नवीन घातला की दुसरा फॉर्म येतो आणि दोन्ही जोडले जातात. मृत्यूच्या सरकारी नोंदीही जोडलेल्या असतात. म्हणजे प्रत्येक गुडघ्याचं रजिस्ट्रीला तीनपैकी एकच माहीत असतं: अजून आत आहे, रिव्हिजन झालं, किंवा माणूस तो गुडघा घेऊनच गेला.

हे राष्ट्रीय पातळीवरच का, तर ज्याचं बिघडतं तो पेशंट पहिल्या डॉक्टरकडे परत येतोच असं नाही, बरेचदा वैतागून दुसरीकडे जातो, आणि पहिल्याच्या वहीत तो कायम 'उत्तम' म्हणून राहतो बिचारा. एकेका हॉस्पिटलचे "आमचा सक्सेस रेट ९९ टक्के" वाले बोर्ड यातूनच येतात. स्वीडनला हे फार आधी उमगलं, गुडघ्यांची नोंद १९७५ पासून, खुब्यांची १९७९ पासून. नॉर्वे १९८७, ऑस्ट्रेलिया १९९९, इंग्लंड-वेल्स तर एप्रिल २००३, तेही एका भानगडीनंतर, ती कोणी विचारली तर सांगेन.

आता तुमचे ८२ टक्के. एक म्हणजे जो गुडघा २५ वर्षं मोजून झालाय तो २५ वर्षांपूर्वी बसवलेला आहे. तेव्हाचं डिझाइन, तेव्हाचं प्लास्टिक. खुब्याचं उदाहरण देतो, तिथे नवीन प्रकारचं क्रॉसलिंक केलेलं प्लास्टिक आलं आणि ऑस्ट्रेलियाच्या रजिस्ट्रीत १६ वर्षांनी रिव्हिजन ११.७ टक्क्यांऐवजी ६.२ टक्के दिसलं. जुना आकडा नव्या मालाला तसाच लावता येत नाही, चांगल्या अर्थानेही नाही आणि वाईट अर्थानेही नाही.

दुसरं जरा नाजूक आहे, रागावू नका. २५ वर्षांनी आई ९६ च्या असतील. ७० च्या पुढे ज्यांचा गुडघा बदलला त्यांना उरलेल्या आयुष्यात रिव्हिजन लागायची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास येते, आणि पन्नाशीत नुकत्याच शिरलेल्या पुरुषांना हीच शक्यता ३५ टक्क्यांपर्यंत जाते. हा २०१७ चा ब्रिटिश अभ्यास आहे, लॅन्सेटमध्येच आलेला, रजिस्ट्रीचा नाही, तिथल्या जीपींकडच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदींवरचा. त्यामुळे "८२ टक्के चान्स" असं नका धरू, आईंच्या वयाला तो आकडा उगाच घाबरवणारा आहे. पहिल्या डॉक्टरांचं "तीस वर्षं बघायला नको" हेही तसंच, दुसऱ्या टोकाचं.

एकेक_पायरी

बापरे, वय आणि टक्के असे एकत्र बघायचे असतात हे डोक्यातच आलं नव्हतं. भानगड सांगाच. पण आधी अर्धा की पूर्ण त्यावर कोणीतरी बोला ना.

ऑर्थो_नाइटड्यूटी

ऑर्थोपेडिक्समध्ये आहे, ड्यूटीवर टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या.

तुमचे दुसरे डॉक्टर जे बोलले ते असं. रिव्हिजन हा काही थर्मामीटर नाही की लावला आणि रीडिंग आलं. रिव्हिजन हा एक निर्णय आहे, पेशंट आणि सर्जन मिळून घेतात. अर्ध्या गुडघ्याचा पेशंट सहा महिन्यांनी आला, दुखतंय म्हणाला, सर्जनच्या हातात सोपा उपाय असतो, अर्धा काढून पूर्ण बसवायचा. तो करतो. रजिस्ट्रीत नोंद, फेल. तेच पूर्ण गुडघ्याचा पेशंट तेवढंच दुखतंय म्हणाला तर सर्जन म्हणतो थोडं थांबा, व्यायाम करा, गोळी घ्या, कारण पूर्ण गुडघ्याचं रिव्हिजन मोठं ऑपरेशन, हाड जातं, लांब दांड्याचं इम्प्लांट लागतं आणि फक्त दुखण्यासाठी केलं तर फायदा होईलच असं नाही. पेशंट तसाच लंगडत राहतो. रजिस्ट्रीत नोंद नाही, म्हणजे पास!

हे हवेतलं बोलणं नाहीये. न्यूझीलंडची रजिस्ट्री ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी पेशंटकडून ऑक्सफर्ड स्कोअर भरून घेते, १२ प्रश्न, ० ते ४८, जास्त म्हणजे चांगलं. त्यांनी २० च्या खाली स्कोअर असलेले म्हणजे ज्यांचा गुडघा खरंच भिकार चाललाय असे पेशंट वेगळे काढले. त्यातल्या अर्ध्या गुडघेवाल्यांपैकी सुमारे ६३ टक्क्यांचं रिव्हिजन झालेलं. पूर्ण गुडघेवाल्यांपैकी सुमारे १२ टक्के. हाल सारखेच. आता सांगा ती वरची रेष कशाची आहे.

अर्थात अर्धा गुडघा धुतल्या तांदळासारखा आहे असंही नाही. बाहेरची बाजू पुढे झिजू शकते, मोबाइल बेअरिंगवाला, म्हणजे मधलं प्लास्टिक हलतं ठेवलेला असेल तर ते निसटू शकतं, ती रिव्हिजन खरीच. पण ब्रिटिश रजिस्ट्रीतूनच २०१४ मध्ये लाखभर पेशंटची जोड्या लावून तुलना झाली, लॅन्सेटला आहे. अर्ध्यात रिव्हिजन ८ वर्षांत दुपटीपेक्षा थोडं जास्त, पण मृत्यू, हार्ट अटॅक, स्ट्रोक, परत भरती व्हावं लागणं हे सगळं पूर्ण गुडघ्यात जास्त. त्यांचा हिशोब असा की पूर्ण गुडघा मिळालेल्या १०० जणांना त्याऐवजी अर्धा दिला असता तर पहिल्या ४ वर्षांत साधारण १ मृत्यू कमी आणि ३ परत-ऑपरेशनं जास्त. हा सौदा कुठला बरा हे ७१ वर्षांच्या बाईंना, त्यांचं हृदय-शुगर बघून, विचारायचं असतं, ग्राफ बघून ठरत नाही.

सर्जनला विचारायचा एकच प्रश्न: तुम्ही जे गुडघे बदलता त्यातले किती टक्के अर्धे असतात? ज्यांचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली त्यांच्या अर्ध्या गुडघ्यांचं रिव्हिजन जास्त येतं, हेही रजिस्ट्रीतूनच कळलेलं. वर्षातून दोन-तीन करणाऱ्याकडून करून घेऊ नका, तो कितीही मोठा असो.

शंकासुर

वा वा. म्हणजे रेष वर असली तरी वाईट नाही, खाली असली तरी चांगली नाही, मग ह्या रजिस्ट्रीवर एवढा खर्च कशाला? आणि तो मेटल-ऑन-मेटल, म्हणजे धातूवर धातू घासणाऱ्या खुब्याचा प्रकार आठवतो का कोणाला? डेप्यू कंपनीचा एएसआर. रजिस्ट्री होती ना तेव्हा, तरी जगभरात ९३,००० लोकांच्या अंगात जाईपर्यंत कोणी थांबवलं नाही. नोंद ठेवणं आणि पेशंट वाचवणं यात फरक आहे साहेब.

आकडेमोड

@शंकासुर, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, आणि वर भानगड सांगतो म्हणालो होतो ती यातच येते.

ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये थ्रीएम कॅपिटल नावाचा खुबा बाजारात आला, चांगला चालणाऱ्या एका जुन्या डिझाइनसारखाच, पण स्वस्त. तो भराभर सैल व्हायला लागला. १९९७ ला विक्री बंद झाली, ९८ मध्ये धोक्याची सूचना निघाली, आणि तेव्हा लक्षात आलं की साधारण ४,७०० पेशंट आहेत पण कोण कुठे आहेत, कोणाच्या अंगात नेमका कुठला तुकडा आहे हे शोधायला कागदच धड नाहीत. त्या फजितीतून तिथली रजिस्ट्री उभी राहिली.

त्याच सुमारास नॉर्वेत काय झालं बघा. बोनलॉक नावाचं नवीन हाडांचं सिमेंट १९९१ च्या आसपास आलं, कमी तापमानाला घट्ट होतं म्हणून कौतुक. रजिस्ट्रीत तीन-चार वर्षांतच त्या सिमेंटवाले खुबे बाकीच्यांपेक्षा जास्त सैल होताना दिसले आणि १९९५ ला ते बंद. देश छोटा, ऑपरेशनं ब्रिटनपेक्षा कितीतरी कमी, पण सगळी एकाच वहीत.

आता एएसआर. ऑस्ट्रेलियाच्या रजिस्ट्रीने २००७ मध्येच त्याचं नाव जास्त रिव्हिजनवाल्यांच्या यादीत घातलं होतं. तिथल्या बाजारातून तो डिसेंबर २००९ ला गेला, जगभरातला रिकॉल ऑगस्ट २०१० ला. ५ वर्षांत १२-१३ टक्के रिव्हिजन असा ब्रिटिश रजिस्ट्रीचा आकडा तेव्हा कंपनीनेच दिला होता. चांगल्या खुब्याचं दहा वर्षांनीसुद्धा ५ टक्क्यांच्या आत असावं असा ब्रिटनचा आजचा निकष आहे, त्याच्याशी ताडून बघा. म्हणजे घंटा वाजली होती, ऐकून दार उघडायला तीन वर्षं गेली. तो दोष नोंदीचा का? मला नाही वाटत. रजिस्ट्री फक्त सांगते, विक्री थांबवायचा अधिकार तिच्याकडे नसतो.

मात्र तुमच्या बाजूने एक गोष्ट कबूल करायलाच हवी की रजिस्ट्री मुळातच उशिरा बोलते. आधी हजारो लोकांना बसवायचं, मग काहींचं बिघडायचं, मग ते परत ऑपरेशनला यायचे, तेव्हा कुठे रेष हलते. याच्या आधी पकडायचा एक मार्ग आहे आणि तो मला भयंकर आवडतो: ऑपरेशनच्या वेळी हाडात टँटॅलम धातूचे बारीक मणी टोचून ठेवतात आणि दोन कोनांतून एक्सरे घेऊन इम्प्लांट त्या मण्यांच्या तुलनेत किती सरकतंय ते मिलिमीटरच्या अंशात मोजतात. स्वीडनमधली कल्पना, १९७० च्या दशकातली. चाळीस-पन्नास पेशंट आणि दोन वर्षं पुरतात. नवीन इम्प्लांट आधी अशा छोट्या गटात, मग काही मोजक्या हॉस्पिटलांत, मग सगळीकडे, आणि मागे रजिस्ट्री पहाऱ्याला. एएसआरच्या वेळी पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसऱ्यावर उडी मारली गेली.

आणि फक्त इम्प्लांटच नाही हो. ब्रिटिश रजिस्ट्रीतल्या चार लाखांवर खुब्यांमध्ये ऑपरेशननंतरच्या ९० दिवसांतले मृत्यू २००३ ला ०.५६ टक्के होते ते २०११ पर्यंत ०.२९ वर आले, आणि कमी मृत्यूशी कशाकशाचा संबंध दिसतो तेही निघालं, कमरेत भूल देणं, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून औषध आणि पायाला यांत्रिक दाब दोन्ही, वगैरे. नॉर्वेने अँटिबायोटिक शिरेतून आणि सिमेंटमधून असं दोन्हीकडून दिलं तर सैल होणं आणि इन्फेक्शन कमी दिसतं हे दाखवलं. एखाद्या सर्जनच्या आयुष्यभराच्या केसेस धरल्या तरी ०.५६ आणि ०.२९ मधला फरक त्याला दिसणारच नाही.

खुबा_डावा

इतके दिवस नुसता वाचत होतो, पण मेटल-ऑन-मेटलचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण तो माझ्या अंगात होता.

२००८ साली नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये होतो, वय ४९, डावा खुबा गेलेला. डॉक्टर म्हणाले तुम्ही तरुण आहात, धातूवर धातूचा मोठा गोळा बसवू, निसटणार नाही, झिजणार नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, हॉस्पिटलचंही नाही. ऑपरेशनआधी एका कागदावर सही घेतली, माझी माहिती रजिस्ट्रीला द्यायला हरकत नाही म्हणून, मी न वाचताच केली, दहा कागद होते त्यातला एक. दीड वर्ष मस्त गेलं. मग जांघेत दुखायला लागलं, मी म्हटलं बसायच्या खुर्चीचा दोष. तेवढ्यात हॉस्पिटलचं पत्र आलं, तुमच्या प्रकारच्या खुब्यावर लक्ष ठेवायची सूचना आली आहे, रक्त तपासायला या. रक्तात कोबाल्ट आणि क्रोमियम मोजतात, लिटरमागे ७ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की पुढच्या तपासण्या, माझं बरंच वर. एमआरआयमध्ये खुब्याभोवती पाणी साठलेलं. २०१२ ला बदलला. आतलं थोडं मांस खराब झालं होतं म्हणाले, अजून जिना चढताना डावा पाय जरा मागेच राहतो, पण चालतोय.

मी हे लिहितोय ते माझ्याचसारखा खुबा बसवलेल्या एका मित्रामुळे. त्याचं ऑपरेशन दुसऱ्या देशात, तिथे अशी सक्तीची नोंद नव्हती. त्याला पत्र आलं नाही. मी फोन करून सांगितलं तर त्याने फाइल शोधली, डिस्चार्ज कागदावर "डावा खुबा बदलला, तब्येत ठीक" एवढंच. कुठला खुबा, कुठली साइझ, कुठला लॉट, काही नाही. हॉस्पिटलने सांगितलं जुनं रेकॉर्ड निकाली काढलं. त्याला दोन वर्षं कळलंच नाही की आपल्या अंगात काय आहे, आणि शेवटी कळलं ते उघडल्यावर.

पायरीताई, अर्धा घ्या की पूर्ण घ्या, त्यातलं मला कळत नाही, पण ते स्टिकर घरच्या फाइलमध्ये हवेत म्हणजे हवेत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सांगून ठेवा. नंतर मागितले की कोणाला सापडत नाहीत.

शंकासुर

काका, तुमचं वाचून जरा गप्प झालो. पत्र आलं नसतं तर खुर्चीच बदलत बसला असतात.

पण एक सांगा कोणीतरी, कंपन्या नाव तेच ठेवून आतला माल बदलतात, मग ब्रँड बघून उपयोग काय?

आकडेमोड

म्हणूनच तर कॅटलॉग नंबर. २०२२ मध्ये हेच झालं. झिमर बायोमेटचा नेक्सजेन गुडघा, खूप चालणारा, वर्षानुवर्षं चांगले आकडे. पण ब्रिटिश रजिस्ट्रीत त्यातली नडगीची एक ठराविक प्लेट ठराविक मांडीच्या तुकड्याबरोबर वापरली की रिव्हिजन जास्त दिसलं. ब्रँड म्हणून बघितलं असतं तर बाकी चांगल्या गुडघ्यांच्या गर्दीत ते झाकलं गेलं असतं. तुकड्या-तुकड्याची नोंद होती म्हणून सुटं करता आलं, आणि कंपनीने ती प्लेट परत मागवली.

फिजिओ_स्मिता

मला दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलायचंय. माझ्याकडे जे गुडघे येतात त्यातले बरेच रजिस्ट्रीच्या हिशोबात शंभर टक्के यशस्वी असतात. धातू जागेवर, एक्सरे सुंदर, रिव्हिजन नाही. आणि आजी म्हणतात "बाई, खाली बसता येत नाही आणि रात्री ठणकतं, यासाठी केलं का मी?" निरनिराळ्या अभ्यासांत साधारण पाचातला एक जण पूर्ण गुडघा बदलल्यावर समाधानी नसतो असं येतं, खुब्यात हे प्रमाण कमी आहे. रिव्हिजनच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून आता बऱ्याच रजिस्ट्री पेशंटलाच विचारायला लागल्यात, ऑपरेशनआधी आणि नंतर. वर ऑक्सफर्ड स्कोअर म्हणालात तोच, गेल्या ४ आठवड्यांत दुखणं किती होतं, जिना उतरता आला का, गुडघे टेकून परत उठता आलं का, रात्री झोपमोड झाली का, असे साधे प्रश्न. माझा आग्रह असा की तुमच्या आईचा हा स्कोअर आत्ताच काढून ठेवा, ऑपरेशनच्या आधी. कारण नंतर सहा महिन्यांनी "आधीपेक्षा बरं आहे का" विचारलं की माणसाला आधीचं नीट आठवतच नाही, एक तर सगळं फार वाईट होतं असं वाटतं नाहीतर मी तेव्हा पळत होते असं वाटतं :)

आणि स्कोअर आधीच बऱ्यापैकी चांगला असेल तर फायदा वाटायला जागाच कमी उरते, अशा वेळी थांबायलाही हरकत नसते. अर्धा की पूर्ण याच्या आधीचा प्रश्न आहे हा.

@ऑर्थो_नाइटड्यूटी, अर्धा आणि पूर्ण यांची चिठ्ठ्या टाकून, म्हणजे कोणाला कुठला ते नशिबावर सोडून, तुलना झालीये ना? तुमच्या लाखभर पेशंटच्या अभ्यासात तब्येतीने ठणठणीत लोकांनाच अर्धा गुडघा दिलेला असणार, मग मृत्यू कमी दिसणारच की.

ऑर्थो_नाइटड्यूटी

बरोब्बर पकडलंत. जोड्या लावताना वय, लिंग, इतर आजार सगळं जुळवलं होतं, पण सर्जनने पेशंट आत येताना बघून मनात जे ठरवलं ते फॉर्मवर येत नाही, त्यामुळे मृत्यूतला सगळा फरक ऑपरेशनचाच असं मी छातीठोक नाही म्हणणार. रजिस्ट्रीची ही जुनी मर्यादा.

चिठ्ठ्यावाली ट्रायल आहे, टॉपकॅट, ब्रिटनमधलीच, ५२८ पेशंट, ५ वर्षांचे निकाल २०१९ ला आले. ऑक्सफर्ड स्कोअर दोन्हीकडे जवळपास सारखा, खर्चाच्या मानाने अर्धा सरस. रजिस्ट्रीच्या ग्राफवरून मोठी दरी वाटत होती ना, ट्रायलमध्ये पेशंटच्या तोंडून तेवढी काही निघाली नाही. पण ५२८ मध्ये हजारात एखाद्याला होणारी गोष्ट दिसणार नाही आणि पंधराव्या वर्षाचंही कळणार नाही, त्याला परत रजिस्ट्रीच. दोन्ही लागतात.

आणखी एक गंमत सांगतो मग जातो, पेशंट आलाय. पूर्ण गुडघ्यात काही सर्जन वाटीच्या मागे प्लास्टिकचं बटण बसवतात, काही नाही. ज्यांनी नाही बसवलं त्यांच्या पेशंटला पुढे वाटी दुखली की नुसतं बटण घालायचं छोटं ऑपरेशन होतं, आणि रजिस्ट्री तेही रिव्हिजनच धरते. ज्याला आधीच बटण बसवलंय त्याची वाटी दुखली तर घालायला काही उरलेलंच नसतं, त्यामुळे मोजायलाही काही नाही! म्हणून रिपोर्टमध्ये रिव्हिजनचं कारण काय लिहिलंय त्या रकान्यात जा, नुसती रेष बघून परत येऊ नका.

एकेक_पायरी

सगळ्यांचे मनापासून आभार, अपडेट द्यायला उशीर झाला.

ऑक्सफर्ड स्कोअर काढला. आई १५. मी तिच्यासमोर बसून प्रश्न वाचत होते आणि "गुडघे टेकून उठता येतं का" यावर ती म्हणाली, "तू शेवटचं कधी बघितलंस मला खाली बसलेलं?" मला आठवलंच नाही. थांबायचा प्रश्न तिथेच मिटला.

मग दोन्ही डॉक्टरांकडे परत गेलो. अर्धे किती करता ते विचारलं. पहिल्यांनी सरळ सांगितलं, मी जवळजवळ करतच नाही, म्हणून सुचवलंही नाही, माझ्या हातून पूर्णच चांगला होतो. मला हे आवडलं खरं तर. दुसरे म्हणाले दहातले तीन-चार. इम्प्लांटचं नाव विचारलं, कॅटलॉगचं पान दाखवलं, ब्रिटनमध्ये ओडेप म्हणून एक पॅनेल इम्प्लांटना वर्षांचा आकडा आणि पुढे अक्षर असं रेटिंग देतं त्यात ते आहे का तेही मीच विचारलं, तर डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले कुठे वाचलंत. मी म्हटलं आमचे लोक आहेत.

आईला दोन्ही बाजू सांगितल्या, अर्ध्यात परत उघडायची शक्यता जास्त, पूर्णात सुरुवातीचा धोका थोडा जास्त. तिने फार वेळ घेतला नाही. अर्धा. पुढच्या महिन्याची तारीख मिळालीये.

@खुबा_डावा काका, स्टिकरचं त्यांच्या सेक्रेटरीला सांगितलंय, दोन सेट, एक त्यांच्या फाइलला, एक आमच्या. आईने त्यासाठी वहीचं पहिलं पान कोरं सोडलंय, वर तारीख घालून.

खुबा_डावा

पानाचा फोटो काढून ठेवा. शाई उडते.